तोंड उघडत नाही, मान वळत नाही; ऑपरेशन करू की सोसू?

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शिक्षकांचं हे पत्र आहे. वय ४२. चोविसाव्या वर्षी कंबर आखडायला लागली, तीन-चार वर्षं 'सायटिका' म्हणून औषधं झाली आणि मग अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचं, म्हणजे मणके जखडणाऱ्या संधिवाताचं निदान झालं. आज पाठ आणि मान जवळपास पूर्ण जखडली आहे. दुखणं कमी झालं म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी इंजेक्शनं थांबवली. चार वर्षांपासून तोंड उघडणं कमी होत गेलं आणि आता दातांमध्ये करंगळी आडवी कशीबशी जाते. मागची एक दाढ किडली आहे, पण तोंडच उघडत नसल्यामुळे रूट कॅनाल अर्धवट राहिलं. सीटी स्कॅनमध्ये उजवा जबड्याचा सांधा हाडाने जुळून गेलेला दिसतो आणि डावा अरुंद झालेला. एका सर्जननी दोन्ही बाजूंना कृत्रिम सांधे बसवायला सांगितलं. दुसऱ्यांनी जुळलेलं हाड कापून फट ठेवण्याचं, कमी खर्चाचं ऑपरेशन सुचवलं. पत्नीला ऑपरेशन व्हावंसं वाटतं. थोरले भाऊ म्हणतात, "अशा मानेला भूल देत नाहीत, टेबलावरच जाशील." गावात कुजबुज आहे की गुरुजी चोरून गुटखा खातात. कृत्रिम सांधे झिजून कवटीचं हाड खातात, असंही त्यांनी इंटरनेटवर वाचलं आहे. ते लिहितात, "पातळ खाऊन भागतंय. पाठीचा आजार तर आता थंड झालाय. पहिलीच्या मुलांना 'आ' नीट म्हणून दाखवता येत नाही, एवढंच सलतं. एवढ्यासाठी जीव धोक्यात घालावा का?"

गुरुजी, नमस्कार.

माझी तीस वर्षं जबड्याची ऑपरेशनं करण्यात गेली. तुमच्या पत्रातली 'करंगळी कशीबशी जाते' ही ओळ वाचताना हात आपोआप पट्टीकडे गेला. करंगळीची जाडी साधारण १२ ते १५ मिलिमीटर असते. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड पुढच्या दातांमध्ये ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःचीच तीन बोटं एकावर एक ठेवली तर मावतात. ३५च्या खाली गेलं की आम्ही कमी म्हणतो. तुम्ही त्याच्याही निम्म्याखाली आला आहात.

तुम्ही एका पारड्यात जीवाचा धोका ठेवलात आणि दुसऱ्यात 'आ'. तराजू असा मांडला तर ऑपरेशन कोण करून घेईल? पण ऑपरेशन न करण्यातही एक धोका आहे आणि तो तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही. तुमच्या भाऊंनी त्याच्यावर नेमकं बोट ठेवलंय, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

नोकरीत असताना रात्री अडीचच्या सुमाराला मला एकदा बोलावणं आलं. पेशंट तुमच्याच वयाचे, तुमचाच आजार, मान पुढे वाकून घट्ट झालेली, तोंड जेमतेम बोटभर उघडणारं. पण ते जबड्यासाठी आलेले नव्हते. त्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं. पोट उघडायचं तर भूल हवी. पाठीतून सुई देऊन कमरेखाली बधिर करावं, तर मणक्यांमधल्या फटी हाडाने भरलेल्या, सुई शिरेना. पूर्ण भूल द्यायची तर श्वासनळीत नळी घालावी लागते, आणि नेहमीच्या पद्धतीने ती घालायला मान मागे झुकावी लागते आणि तोंड उघडावं लागतं. दोन्ही शक्य नव्हतं. नाकातून नळी घालायची लवचिक दुर्बीण कपाटात होती, पण ती सराईतपणे वापरणारे भूलतज्ज्ञ त्या रात्री गावात नव्हते. शेवटी हनुवटी आणि छाती यांच्यामधल्या चार बोटं जागेत गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करावी लागली. ते वाचले. पण पुढचे कित्येक दिवस त्यांनी अतिदक्षता विभागात काढले ते पोटामुळे कमी आणि त्या रात्रीच्या धावपळीमुळे जास्त. दिवसाउजेडी, ठरवून, योग्य माणसं हजर असताना तीच भूल त्यांना शांतपणे देता आली असती.

म्हणून भाऊंना एवढंच सांगा, की तुम्हाला भूल देणं अवघड आहे हे अगदी खरं. पण ऑपरेशन टाळल्याने ती अडचण टळत नाही. आज अपघात झाला, उद्या पित्ताशयात खडा अडकला, तर भूल लागणारच, आणि ती तयारी नसताना, मिळेल त्या माणसाकडून. मान तर आता सुटायची नाही. त्या वाटेवरची दोन दारं बंद आहेत, त्यातलं एक उघडता येण्याजोगं आहे. मला विचाराल तर जेवणापेक्षाही आणि बोलण्यापेक्षाही मोठं कारण हे आहे.

आता 'अशा मानेला भूल देत नाहीत' याविषयी. १९६७ साली पीटर मर्फी नावाच्या इंग्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी पित्तनलिका तपासायची लवचिक दुर्बीण हातात घेतली आणि तिच्यावरून नळी सरकवत ती एका रुग्णाच्या नाकातून श्वासनळीत नेली. तो रुग्ण स्टिल्स या सांधे जखडवणाऱ्या आजाराचा होता. म्हणजे ही पद्धत जन्मालाच आली ती तुमच्यासारख्या माणसाच्या अडचणीतून. आज मोठ्या रुग्णालयांत ती नेहमीची आहे. तुम्ही जागेच असता. नाकात थेंब घालतात, घशाला बधिर करणारं औषध फवारतात किंवा वाफेतून देतात, थोडी गुंगी देतात. श्वास तुमचा तुम्हीच घेत असता. दुर्बिणीतून श्वासनळी दिसली, नळी जागेवर बसल्याची खात्री झाली, की मगच झोपेचं औषध. सुखाचा अनुभव नाही तो, खोटं कशाला सांगू. खोकला येतो, डोळ्यांत पाणी येतं. पण मान एक अंशही वाकवावी लागत नाही. या आजारात मणके ठिसूळ झालेले असतात आणि जबरदस्तीने मान मागे नेली तर हाड मोडून मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून ही पद्धत तुमच्यासाठी फार मोलाची.

नळी काढण्याची वेळही तितकीच जपायची असते. तुम्ही पूर्ण जागे होऊन डोळे उघडून सांगितलेलं ऐकता येईपर्यंत ती काढत नाहीत. गरज वाटली तर रात्रभर ठेवतात. म्हणून जिथे अतिदक्षता विभाग नाही तिथे हे ऑपरेशन करून घेऊ नका, कितीही नावाजलेले सर्जन असले तरी.

आणि एक आगाऊ वाटेल असं सांगते: सर्जनआधी भूलतज्ज्ञांना भेटा. वेगळी वेळ मागून घ्या. त्यांना विचारा, "जागेपणी दुर्बिणीतून नळी घालण्याचं काम तुम्ही नेहमी करता का? ते जमलं नाही तर पुढची तयारी काय?" चांगले भूलतज्ज्ञ या प्रश्नाने दुखावत नाहीत. मानेचा ताजा एक्स-रे किंवा सीटी बरोबर न्या, पहिल्या दोन मणक्यांमध्ये ढिलेपणा आहे का ते त्यांना बघायचं असतं. फुफ्फुसांची तपासणीही करून घ्या, कारण या आजारात बरगड्यांचे सांधे जखडून छाती कमी फुलते. घरी किती उशा घेऊन झोपता तेही सांगा, हवं तर पत्नीला मोबाइलवर बाजूने फोटो काढायला सांगा. टेबलावर तुमच्या डोक्याखाली तेवढाच आधार लागतो. सपाट झोपवायला गेलं तर मान लोंबकळते. सर्जननाही हे माहीत हवं, कारण एरवी आम्ही पेशंटचं डोकं वळवून कानापुढची बाजू वर आणतो. तुमचं डोकं वळणार नाही, टेबल तिरपं करावं लागेल. छोटी गोष्ट आहे, पण आयत्या वेळी लक्षात आली तर सगळ्यांचाच खोळंबा होतो.

आता 'आजार थंड झालाय' या वाक्याकडे येते. गुरुजी, तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त खटकलेलं वाक्य हेच.

या आजारात सूज येते, सुजेच्या जागी हाड तयार होतं आणि शेवटी सांधा जुळतो. जुळलेला सांधा हलत नाही, म्हणून दुखतही नाही. त्यामुळे दुखणं थांबलं याचे दोन अर्थ होऊ शकतात: आजार शांत झाला, किंवा दुखायला सांधाच उरला नाही. तुमच्या मानेचं दुखणं कशाने थांबलं असेल? आणि त्याच काळात तोंड मात्र मिलिमीटर मिलिमीटर मिटत राहिलं. इंजेक्शनं थांबवल्यावर तो वेग वाढला का, हे तुम्हीच आठवून सांगू शकाल. रक्तातला सीआरपी, म्हणजे सुजेचा अंदाज देणारा आकडा, नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका. आजार चालू असतानाही तो नॉर्मल असू शकतो. मानेपर्यंत आजार पोचलेल्यांमध्ये जबड्याचा सांधा धरला जाण्याचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून जबडा हे काही वेगळं दुखणं नव्हे. तोच आजार, नवा मुक्काम.

तेव्हा पहिली भेट संधिवाततज्ज्ञांची. डाव्या सांध्याचा एमआरआय करायला हवा का हे त्यांना विचारा. उजव्या बाजूचं जुळलेलं हाड कुठल्याही इंजेक्शनाने विरघळणार नाही, तिथे औषधाचं काम संपलंय. पण डाव्या सांध्यात अजून सूज असेल तर औषधाला तिथे वाव आहे. इंजेक्शनं खर्चामुळे थांबवली असतील तर तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. अडालिमुमॅबसारख्या, या आजारावरच्या इंजेक्शनांच्या भारतात तयार होणाऱ्या आवृत्त्या २०१४ पासून मिळतात आणि त्या मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतात. पुन्हा सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी मात्र झालीच पाहिजे, आपल्याकडे ती टाळून चालत नाही. आणि ऑपरेशन ठरलं की ही इंजेक्शनं शस्त्रक्रियेआधी एक पाळी थांबवून जखम भरल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, पुन्हा सुरू करण्याची पद्धत आहे. तारखा डॉक्टरांनी ठरवायच्या, आपण मनाने नाही. डोळा लाल होऊन उजेड सहन होत नसेल तर तेही त्यांच्या कानावर घाला. तोही याच आजाराचा भाग असू शकतो.

गुटख्याच्या कुजबुजीला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. पण सर्जनपुढे एकदा खरंखुरं बोला. आपल्याकडे तोंड उघडेनासं झालं की लोकांना पहिला संशय गुटख्याचा येतो, आणि त्याला कारण आहे: सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ होते, दोरीसारखे पट्टे येतात, तिखट झोंबतं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी असे पेशंट यायचे थांबलेले नाहीत. नुसती साधी सुपारीही हेच करते. तुमच्या सीटीमध्ये हाडाचा पूल दिसतोय, म्हणजे मुख्य दोष सांध्याचाच आहे. पण जेवणानंतर सुपारी खायची सवय असेल किंवा कधीकाळी होती असेल तर सांगायला हवं. नाहीतर सांधा मोकळा करूनही गाल उघडू देणार नाहीत आणि दोष ऑपरेशनला लागेल.

आता दोन सर्जन, दोन सल्ले.

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तोंड उघडताना खालच्या जबड्याचा गोल माथा आधी जागेवरच फिरतो, मग पुढे सरकतो. खालचा जबडा हे एकच हाड आणि त्याला दोन बिजागऱ्या, उजवी आणि डावी. एक गंजून पक्की झाली की दुसरी चांगली असली तरी दार हलत नाही. म्हणून तुमचा डावा सांधा किती बिघडलाय आणि किती नुसता वापराविना आखडलाय हे पाहायला हवं. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन लागेलच असं मी स्कॅन न बघता म्हणणार नाही. उजवी बाजू मोकळी केल्यावर टेबलावरच तोंड किती उघडतं ते मोजतात. ३५ मिलिमीटरच्या आसपास सहज आलं तर डाव्या सांध्याला हात न लावताही भागू शकतं. हा प्रश्न पहिल्या सर्जनना जरूर विचारा.

दुसऱ्या सर्जननी सुचवलेलं ऑपरेशन जुनं आणि अनेकांना उपयोगी पडलेलं आहे. जुळलेलं हाड कापून काढायचं, मध्ये फट ठेवायची, आणि ती पुन्हा हाडाने भरू नये म्हणून कानशिलाच्या स्नायूचा पदर किंवा पोटावरची चरबी त्यात बसवायची. बरोबर कोरोनॉइड नावाचं, सांध्याच्या पुढे असलेलं जबड्याच्या हाडाचं टोकही काढावं लागतं, कारण त्याला चिकटलेला स्नायू इतकी वर्षं आखडलेला असतो. अपघातानंतर एक बाजू जुळलेल्या तरुणात मी हे ऑपरेशन डोळे मिटून सुचवीन. तुमच्या बाबतीत माझा हात थबकतो, त्याची कारणं सांगते.

दोन्ही बाजूंचे माथे काढून नुसत्या फटी ठेवल्या तर जबड्याला मागून टेकू उरत नाही. तो मागे सरकतो, पुढचे दात एकमेकांना भिडेनासे होतात, भाकरीचा तुकडा तोडता येत नाही. जबड्याबरोबर जीभही मागे जाते आणि झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. ज्यांची छाती आधीच कमी फुलते आणि मान एका जागी पक्की आहे, त्यांना हे परवडणारं नाही. शिवाय तुमच्या शरीराची हाड तयार करण्याची खोड आहेच. फट पुन्हा भरण्याची भीती तुमच्यात जास्त.

कोणी बरगडीचा तुकडा बसवायला सुचवलं तर तेही नीट विचारून घ्या. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये बरगडी उत्तम, ती मुलाबरोबर वाढते. पण या आजारात तीच सूज नव्या हाडालाही धरू शकते, आणि जखडलेल्या छातीतून बरगडी काढणं मला तरी पटत नाही.

म्हणून दाहक संधिवात असलेल्या मोठ्या माणसात, विशेषतः दोन्ही सांधे गेले असतील तर, माझा कल कृत्रिम सांध्याकडे आहे. त्यात आजाराला धरायला जिवंत हाडच नसतं. खालचा माथा धातूचा, वरची खोबण घट्ट पॉलिथिलीनची, दोन्ही स्क्रूने बसवलेली. सीटीवरून तुमच्या मापाचा सांधा करून घेता येतो, तो आपल्या देशातही बनतो. तयार व्हायला काही आठवडे लागतात.

इंटरनेटवर जे वाचलंत ते खोटं नाही, जुनं आहे. १९८०च्या दशकात अमेरिकेत जबड्याच्या सांध्यात प्रोप्लास्ट-टेफ्लॉनच्या चकत्या बसवल्या जात. चावण्याच्या दाबाखाली त्यांचा चुरा व्हायचा, त्या कणांवर शरीर तुटून पडायचं आणि शेजारचं हाड झिजायचं, कवटीपर्यंतसुद्धा. फार माणसांनी फार सोसलं. १९९०-९१ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या परत घ्यायला लावल्या. आताचे सांधे वेगळ्या पदार्थांचे आणि वेगळ्या रचनेचे आहेत. मापाने बनवलेल्या सांध्याला एफडीएची मान्यता १९९९ मध्ये मिळाली आणि असे सांधे बसवलेल्या रुग्णांची वीस वर्षांपर्यंतची पाहणी झालेली आहे. तरी तुमच्या सर्जननी सुचवलेला सांधा कोणत्या कंपनीचा, किती वर्षं वापरात आहे आणि त्यांनी स्वतः किती बसवले, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

या सांध्याने काय मिळत नाही तेही ऐका. तो फक्त बिजागरीसारखा फिरतो, पुढे सरकत नाही, म्हणून तोंड पूर्वीसारखं पन्नास मिलिमीटर उघडणार नाही. तीस-पस्तीस आलं तरी ते चांगलं यश समजा. त्यात भाकरी, दाढेवरचे उपचार आणि 'आ', तिन्ही येतात. चेहऱ्याची नस या सांध्यावरून जाते. काही दिवस किंवा महिने भुवई उचलता न येणं हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं भरून येतं, पण थोड्यांचं कायम राहतं. सांध्याच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते, जुळलेलं हाड तिच्या जवळ गेलेलं असू शकतं. आणि जंतुसंसर्ग झाला तर कृत्रिम सांधा काढावा लागू शकतो.

इथे तुमची ती दाढ येते. तोंडात किडकी, पू असलेली दाढ ठेवून कृत्रिम सांधा बसवू नये. तिच्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून ती राहिली, आणि ती राहिली तर सांधा बसवता येत नाही, असा हा पेच. तिचं काय आणि कधी करायचं हे सर्जननी आधी ठरवलं पाहिजे. कधीकधी काम दोन टप्प्यांत करावं लागतं: आधी सांधा मोकळा करून दाढेचा बंदोबस्त, मग कृत्रिम सांधा. दोन्ही सर्जनना हा प्रश्न विचारा. दाढेचा विषय तुम्ही काढण्याआधीच ज्यांनी काढला, त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसेल.

आता सगळ्यांत अवघड भाग, आणि तो ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचा आहे. टेबलावर तोंड उघडतं ते आम्ही उघडतो. सहा महिन्यांनी ते उघडं राहतं की नाही हे पेशंट ठरवतो. ऑपरेशननंतर सर्जन सांगतील त्या दिवसापासून व्यायाम, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि तो दुखतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची, थोडा वेळ ठेवायची, जमलं की मध्ये आणखी एक काडी सरकवायची. रोजचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा. माझ्याकडच्या एका बाईंचं तोंड ऑपरेशनच्या दिवशी ३६ मिलिमीटर उघडलं होतं. घरी गेल्यावर दुखतं म्हणून व्यायाम सुटला, सांगायला संकोच वाटला म्हणून तपासणीलाही आल्या नाहीत, आणि आठ महिन्यांनी आल्या तेव्हा १८. त्यात त्यांचा एकटीचा दोष नव्हता. घरात कुणी त्यांच्याजवळ बसून काड्या मोजल्या नाहीत आणि आम्हीही फोन करून विचारलं नाही. तुमच्या घरी हे काम कोण करणार ते आजच ठरवा. भाऊंना सांगा. विरोध काळजीपोटी आहे, तर काळजीला काम मिळू दे.

दुखलं की गोळी घेऊन व्यायाम करायचा, व्यायाम सोडायचा नाही. आणि ते कमीत कमी सहा महिने, शक्यतो वर्षभर. एवढी तयारी मनाची होत नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. अर्धवट मनाने करण्यापेक्षा ते बरं.

खर्चाविषयी थोडंसं. दात आणि जबड्याच्या विभागांची सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत; तिथे एकदा दाखवून या, निदान तिसरं मत म्हणून. फक्त तुमच्या बाबतीत नुसतं दंत महाविद्यालय पुरणार नाही, शेजारी अतिदक्षता विभाग असलेलं मोठं रुग्णालय जोडलेलं हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं नेमकं ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. कृत्रिम सांध्याची किंमत पॅकेजमध्ये धरली आहे की वेगळी, हेही विचारून घ्या, कारण मोठा आकडा तोच असतो. जिल्हा परिषदेचे शिक्षक असाल तर वैद्यकीय प्रतिपूर्तीसाठी कोणती कागदपत्रं लागतात ते दाखल होण्याआधी कार्यालयात विचारून ठेवा, नंतर धावाधाव होते.

निर्णय काहीही होवो, काही गोष्टी आजपासून करा. लहान मुलांचा छोट्या डोक्याचा ब्रश आणा आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरा. पातळ खाऊन भागतंय म्हणता, पण पेज, आंबील आणि चहा-बिस्किटावर भागवू नका. वजन दर महिन्याला लिहून ठेवा. मुगाचं घट्ट कढण, दह्यात कालवलेला मऊ भात, घोटलेली डाळ, खात असाल तर कुस्करलेलं अंडं. जखम भरायला हे लागेल. आणि जबरदस्तीने तोंड ताणून उघडायला कुणालाही देऊ नका, मालीशवाल्यालाही नाही आणि मान मोडून देणाऱ्याला तर मुळीच नाही. तुमच्या मानेला दिलेला एक हिसका जिवावर बेतू शकतो.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा. मराठीत आणि इंग्रजीत लिहा: 'मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. मान वाकत नाही, वाकवू नये. तोंड १२ मिलिमीटरच उघडतं. भूल द्यायची झाल्यास अनुभवी भूलतज्ज्ञांना बोलवा.' खाली पत्नीचा नंबर. तीच मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही लावा.

ज्यांना हाच आजार आहे पण तोंड अजून उघडतं, अशा वाचकांसाठी इथेच एक ओळ. महिन्यातून एकदा आरशासमोर तीन बोटं घालून बघा किंवा पट्टीने मोजा, आणि कमी होतंय असं वाटलं तर पुढच्या भेटीत संधिवाततज्ज्ञांना आकडा सांगा. हाड जुळण्याआधी औषध, सांध्यातलं इंजेक्शन, सांधा धुणं आणि व्यायाम यांनी बरंच करता येतं. पाठीच्या आजारात जबड्याचं कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगायचं.

गुरुजी, मला विचारलंत म्हणून माझं मत सांगते. आधी संधिवाततज्ज्ञ, मग भूलतज्ज्ञ, मग सर्जन, या क्रमाने तिघांना भेटा, आणि भूलतज्ज्ञ 'होय' म्हणाले तर ऑपरेशन करून घ्या. घाईने नको, पण तोंड पूर्ण मिटायची वाटही बघू नका. तारीख घ्याल तर मेच्या पहिल्या आठवड्यातली घ्या. एक मेला निकाल लागला की सुट्टी सुरू, आणि शाळा भरेपर्यंत काड्यांच्या व्यायामाचे पहिले सहा आठवडे घरीच निघतील. जूनमध्ये वर्गावर गेलात तरी पहिला महिना मोठ्याने शिकवू नका, मधल्या सुट्टीत एक व्यायाम चुकवू नका, आणि काड्या टेबलाच्या खणात ठेवा. पहिलीची मुलं विचारतील हे काय, तर त्यांनाच मोजायला लावा.